ठोकू नका, शेवट यायचाय

थांबा, उगाच ढकलू नका. बंद आहे.

खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या प्रत्येक पाहुणा आधी मलाच ढकलून बघतो, म्हणून आपलं सांगून टाकलं. मी बाथरूमचा दरवाजा नाही आणि कपाटाचाही नाही. हॉटेलातल्या दोन खोल्यांच्या बरोबर मधे उभा असलेला दरवाजा आहे मी. अलीकडच्या अंगाला एक कडी, पलीकडच्या अंगाला एक कडी. दोन्ही खोल्यांतल्या माणसांनी आपापली कडी काढली तरच मी उघडतो. आणि शेजारच्या अनोळखी माणसासाठी आपल्या बाजूची कडी काढेल असा पाहुणा मला कितीतरी वर्षांत भेटला नव्हता.

जन्म झाडाच्या पोटी झाला म्हणतात, पण ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचं पाळण्यातलं कुठे आठवतं? मला शुद्ध आली ती शाळेत. तिथेही नशीब मधलंच. पाचवी आणि सहावीच्या वर्गांमधे मला बसवलं होतं. एका कानात पाचवीचं गणित, दुसऱ्या कानात सहावीचा भूगोल. त्यामुळे शिक्षण दोन्हीकडून अर्धंमुर्धं राहिलं. अजूनही कुणी नदीचं नाव काढलं की मला तिचा लसावि काढावासा वाटतो.

त्या शाळेनं मला एक दागिना दिला. मागच्या बाकावरच्या कुणा कलावंतानं कर्कटकाचं टोक घेऊन माझ्या अंगावर, खाली कोपऱ्यात, एक गाढव कोरलं. खाली गुरुजींचं नाव घातलं. पुढे शाळा पाडली, मी जुन्या लाकडाच्या दुकानात गेलो, तिथून या हॉटेलात आलो. सुतारानं रंधा मारला तेव्हा गुरुजींचं नाव निघून गेलं. गाढव खोल कोरलेलं, ते राहिलं. वरून पॉलिश चढलं, त्यामुळे आता सहजासहजी दिसत नाही, पण आहे.

हॉटेलात येऊन मला माणूस कळला. मला ढकलून बघतो, बंद आहे म्हणून स्वतःशीच मान हलवतो आणि तरीही खुर्ची आणून मला टेकवून ठेवतो. नंतर त्याच खुर्चीवर बसून माझ्या मुठीला पँट अडकवतो. एकटा असला की किल्लीच्या भोकाला डोळा लावतो. एकदा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी डोळे आले होते. दोघेही सभ्य गृहस्थ. दोघेही असे दचकून मागे सरले, की एकाचा चष्मा पडला आणि दुसरा धाडकन खुर्चीवर आदळला. मी आठवडाभर मनातल्या मनात हसत होतो. बिजागऱ्या करकरत होत्या त्या त्यानंच.

पण माझा एक दोष आहे. माझ्या पोटात आवाज राहत नाही. अलीकडे कुणी कुजबुजलं तर ते मी पलीकडे देतो, आणि पलीकडचं घोरणं अलीकडे. एकाला जांभई आली की दुसऱ्यालाही येते, एकमेकांचं तोंड न बघता. मला ही मोठी गंमत वाटते. पाहुण्यांना वाटत नाही. ते तक्रार करतात.

हॉटेलच्या मालकीणबाई तक्रारींना कंटाळल्या होत्या. त्यांनी माझ्या फटीत कापूस कोंबला, खाली जुन्या सतरंजीची गुंडाळी लावली. काही उपयोग झाला नाही. शेवटी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीचं काम करायला आलेल्या गवंड्याला त्या वर घेऊन आल्या. त्यानं मला आडवं-उभं मापलं, बोटानं वाजवून बघितलं.

"काढून टाका," तो म्हणाला. "विटा आहेतच खाली. एका दिवसात भिंत उभी करतो. याच्या फळ्या चांगल्या निघतील, मचाणाला होतील."

"आणखी एक तक्रार येऊ दे," मालकीणबाई म्हणाल्या. "आली की त्याच दिवशी काढू."

मचाण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्यावर उभं राहून माणसं सिमेंट कालवतात आणि थुंकतात. एवढी शाळा शिकून मचाण. तेव्हापासून मी वाऱ्यालासुद्धा शिट्टी वाजवू देईनासा झालो.

आणि नेमक्या त्याच दिवसांत अलीकडच्या खोलीत एक शिंपीकाका आणि त्यांची बायको उतरली.

काकूंच्या डोळ्याचं आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं. डोळ्यांचा दवाखाना याच रस्त्यावर, घर लांब, म्हणून मुक्काम हॉटेलात. एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्याला सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. उद्या सकाळी पट्टी निघणार. तोवर उताणं पडून राहायचं, हलायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही. आयुष्यभर नवऱ्यानं शिवलेल्या शर्टांना काजं करून करून डोळे गेले, असं काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, टीव्ही बघून गेले. पण हे म्हणताना ते तिच्या उशीची खोळ सारखी करत असायचे.

काका दांडगे काळजीखोर. त्यांना हात रिकामे ठेवता येत नव्हते. पिशवीत सुई-दोरा होता, तो काढून हॉटेलच्या पडद्याची उसवलेली किनार शिवायला घेतली होती. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती लोखंडी टोपी.

दुपारची जेवणं झाली, काकूंचा श्वास जरा संथ झाला, आणि पलीकडच्या खोलीतून आवाज आला.

"बाबा, मी आले!"

काकांच्या हातातली सुई थांबली.

"आलीस ते दिसतंय," भला जाडजूड आवाज. "पण ही एवढी मोठी पेटी कशाला?"

"सांगते."

"जड असेल. आण, मी घेतो."

"हात लावू नका बाबा! पेटीला हात लावू नका!"

ही शेवटची किंचाळी अशी होती, की माझ्या फटीतला कापूस हलला. काकू दचकल्या. काका ताडकन उठले आणि अंगुस्तानाच्या बोटानं मला ठोकलं. टक, टक, टक.

पलीकडे एकदम शांतता. काका समाधानानं परत बसले. त्यांना पलीकडचं दिसत नव्हतं. मला दोन्हीकडचं दिसतं, म्हणून सांगतो.

पलीकडे एक नाटक मंडळी उतरली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रयोग होता. खोलीत दोघंच होती. एक बाप करणारा, ज्याला सगळे ढोल म्हणायचे, आणि एक मुलगी करणारी, जिला चिमणी म्हणायचे. दोन्ही नावं आवाजावरून पडलेली. त्यांच्या दिग्दर्शकाला सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा घसा ओरडून ओरडून पार बसला होता, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. त्यामुळे ते हातातल्या काठीनं तालीम घ्यायचे. काठीची लोखंडी टोपी टकटक वाजली की समजायचं, आवडलेलं नाही. प्रवेश पहिल्यापासून, आणि आवाज चढवून. त्यांची आणखी एक पद्धत होती. तालमीच्या वेळी ते बंद दरवाजापलीकडे जाऊन बसत. दारातून ऐकू आलं तर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल, असा त्यांचा हिशेब. म्हणून तर त्यांनी माझ्या दोन्ही अंगांच्या खोल्या मागून घेतल्या होत्या. मंडळींना बजावलं होतं, "मी पलीकडे बसेन. मला हाका मारू नका. तुम्ही तुमचं सुरू करा."

पण अण्णांचा गुडघा जिना चढेना. मालकीणबाईंनी त्यांना तळमजल्यावरची खोली दिली आणि त्यांची वरची खोली शिंपीकाकांना. अण्णांना वाटलं, थोडी पाठ टेकावी आणि मग वर जावं. पाठ टेकली. ती टेकलेलीच राहिली.

"अण्णांना नाही आवडलं," पलीकडे ढोल कुजबुजला.

"काय नाही आवडलं?"

"तू नाही आवडलीस. माझं ठीक होतं. चल, पहिल्यापासून. आणि मोठ्यानं."

"बाबा, मी आले!"

अलीकडे काकांनी डोळे विस्फारले. टक, टक, टक, आता जरा रागानं. पलीकडची मंडळी घाबरली आणि आणखी चढ्या आवाजात सुरू झाली.

माझी काय अवस्था झाली असेल सांगा. एकीकडे हसून हसून माझे खिळे सैल व्हायला आले होते. दुसरीकडे खाली अंगणात गवंड्याचं थापी मारणं ऐकू येत होतं. शेजारच्या दारात जाऊन "अहो, जरा हळू" एवढं बोललं असतं तर काम होतं. पण माणूस बंद दाराआडून जेवढा शूर असतो तेवढा उघड्या दारात नसतो. काकांनी दोनदा चप्पल पायात घातली, दोनदा काढली आणि पुन्हा मलाच ठोकलं.

दर वेळी किंचाळी तिथेच यायची आणि काका तिथेच ठोकायचे. पुढचं वाक्य कुणाला ऐकूच यायचं नाही. चिमणी "बाबा, पेटी" इथवर आली की टक, टक, टक.

शेवटी काकांनी फोन उचलला. "शेजारी नुसता गोंधळ चाललाय," ते म्हणाले. "इथे ऑपरेशनचा पेशंट आहे. दारातून सगळं ऐकू येतं."

झालं. तक्रार आली. फोनमधून मालकीणबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "आज मिटवतेच हे प्रकरण. गवंड्याला घेऊन वर येते."

फोन ठेवून काका वळले तर काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही ठोकू नका हो."

"का? तुला त्रास होतोय."

"त्रास तुमच्या ठोकण्याचा होतोय. तुम्ही ठोकलं की ते पुन्हा पहिल्यापासून करतात. त्या पेटीत काय आहे ते कळतच नाही."

काका बघतच राहिले. "कसली पेटी?"

"तिनं माहेरी आणलेली. बापाला हात लावू देत नाही ती."

"कपडे असतील. पेटीत दुसरं काय असणार."

"कपडे असते तर हात लावू दिला असता."

"अगं, डॉक्टरांनी सांगितलंय, शांत पडून राहायचं."

"डॉक्टर म्हणाले हलू नका, खोकू नका, हसू नका. ऐकू नका असं नाही म्हणाले. कालपासून छताकडे तोंड करून पडलेय, आणि ते छतही दिसत नाही. जरा बरं काहीतरी कानावर पडतंय, तर तुम्ही मधे."

काका पलंगाच्या कडेला बसले. अंगुस्तान बोटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या डोळ्याला काही झालं असतं म्हणजे."

"म्हणजे तुम्हाला सुईत दोरा कोण ओवून देणार, असंच ना?"

काका पुन्हा तिची उशी सारखी करायला लागले. काकूंना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसला. तो दोऱ्याची काळजी करणाऱ्या माणसाचा नव्हता.

"जा," काकू म्हणाल्या. "त्यांना सांगा, मी काही ठोकत नाही, तुम्ही शेवट करा. आणि खाली फोन करून तक्रार मागे घ्या."

काकांनी खालचा फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मालकीणबाई निघाल्या होत्या. मग पुन्हा एकदा चप्पल पायात घालून काका खोलीच्या दाराकडे गेले, आणि पुन्हा माघारी फिरले. माझ्यासमोर उभे राहिले. घसा साफ केला. आणि मग त्यांनी अशी गोष्ट केली, की माझ्या अंगातलं लाकूड थरारलं. त्यांनी माझी कडी काढली.

"अहो, ऐकलं का," ते फटीला तोंड लावून म्हणाले. "जरा तुमच्या बाजूची कडी काढा."

पलीकडे ढोलाच्या तोंडचं पाणी पळालं. "अण्णा चिडलेत. बोलायला लागले, म्हणजे बघ किती चिडलेत." मग त्यानं दुसरी कडी काढली. मी इतक्या वर्षांनी उघडायचा म्हणजे बिजागऱ्यांनी अशी काही ओरड केली, की तिच्यापुढे चिमणीची किंचाळी काहीच नाही.

"अण्णा, चुकलं," ढोल मान खाली घालून म्हणाला. मग मान वर केली. समोर गळ्यात टेप घातलेला, बोटात लोखंडी टोपी घातलेला एक परका म्हातारा.

"अण्णा कुठायत?" चिमणीनं विचारलं.

"कोण अण्णा? मघापासून ठोकतोय तो मी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चिमणीचा आवाज आधीच बसला होता, आता ती खालीच बसली. "म्हणजे दुपारभर आम्ही या काकांसाठी ओरडत होतो?"

"माझ्यासाठी," पलंगावरून काकू म्हणाल्या. "अगं पोरी, पेटीत काय आहे ते सांग बाई एकदाचं."

चिमणी तोंड उघडणार तोच पुढच्या दारातून वरात आत आली. सगळ्यांत पुढे मालकीणबाई, मागे थापी घेतलेला गवंडी, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत एकेक पाऊल टाकणारे अण्णा. जागे झाले होते आणि जिन्यात कण्हत उभे होते, तिथून त्यांना धरून आणलं होतं.

अण्णांनी मला उघडा बघितला आणि त्यांचा संताप झाला. आवाज फुटेना, म्हणून कुजबुजत संतापले. "हे कुणी उघडलं? बंद करा. बंद दारातून ऐकू आलं पाहिजे."

"बंद कशाला, मी काढूनच टाकतेय," मालकीणबाई म्हणाल्या.

"काढा की खुशाल," काकू म्हणाल्या. "पण शेवट झाल्यावर. मला इथून हलता येत नाही, आणि ऐकल्याशिवाय मी कुणाला दार काढू देणार नाही."

पट्टी बांधलेल्या बाईशी भांडायचं कसं, ते मालकीणबाईंना सुचेना. गवंड्याला तसंही बसायला निमित्त हवंच होतं. तो थापी मांडीवर घेऊन जमिनीवर टेकला. अण्णा खुर्चीत बसले. मला लावून घेतलं, दोन्ही कड्या सरकल्या.

पलीकडे दोघंच. अलीकडे सगळे.

मी आयुष्यभर लोकांचे आवाज इकडचे तिकडे केले, पण मस्करी म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून उभा राहिलो. हे माझं शेवटचं काम असणार होतं. मचाण व्हायच्या आधी निदान एक वाक्य नीट पोचवायचं होतं.

"बाबा, मी आले."

"आलीस ते दिसतंय. पण ही एवढी मोठी पेटी कशाला?"

"सांगते."

"जड असेल. आण, मी घेतो."

"हात लावू नका बाबा."

सवयीनं काकांचं अंगुस्तानाचं बोट वर गेलं. गवंड्यानं बसल्या जागेवरून त्यांचं मनगट धरलं. दोघेही तसेच राहिले.

चिमणीला आता ओरडायला आवाजच उरला नव्हता. सगळा दुपारभर खर्च झालेला. ती साध्या आवाजात बोलली, घरात बापाशी बोलतात तशी.

"बाबा, पेटी रिकामी आहे. तुमचे कपडे भरायला आणलीय. चला माझ्याकडे."

तिचं एकही अक्षर मी सांडू दिलं नाही. जसंच्या तसं अलीकडे दिलं.

खोलीत कुणी हललं नाही. अण्णांची काठी त्यांच्या हातात होती, पण ती जमिनीवरून उचलली गेली नाही. पलीकडे ढोल कुजबुजला, "ठोकलं नाही."

"म्हणजे?" चिमणीनं विचारलं.

"म्हणजे काय ते मला कुठे माहीत? आजवर असं झालंय कुठे."

अलीकडे काकू हळूच म्हणाल्या, "म्हणून हात लावू देत नव्हती ती. उचलली असती तर हलकी लागली असती."

"मी म्हणालो नव्हतो, कपडे?" काका म्हणाले.

"रिकामी आहे म्हणाली ती."

"भरणार कपडेच ना."

गवंडी सिमेंटच्या हातानं डोळे पुसायला लागला. "हात लावू नका," काकू म्हणाल्या, "मग माझ्यासारखी पट्टी बांधतात." एका दुधाळ डोळ्यानं एवढं कसं दिसलं कोण जाणे. नाक ओढल्याचं ऐकू आलं असेल.

पुन्हा कड्या निघाल्या. मालकीणबाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या. मग त्यांना आपण कशाला आलो ते आठवलं. "तक्रार तुमचीच ना?" त्यांनी काकांना विचारलं. "काय ते एकदा नीट सांगा, म्हणजे मला कामाला लागता येईल."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग बायकोकडे. मग माझ्यातून पलीकडे, ढोलाकडे.

"तक्रार आहे," ते म्हणाले. "या बापाचा सदरा खांद्यातून उतरलाय. कुणी शिवलाय हा? असा सदरा घालून माणूस मुलीकडे राहायला जातो का? काढा इकडे. दोन टाके घालून देतो."

"आणि दाराचं?"

"दाराचं काय? चांगलं आहे दार. ऐकू येतं."

मालकीणबाईंनी गवंड्याकडे बघितलं. गवंडी म्हणाला, "बाई, टाकीचं काम अजून बरंच आहे बघा." आणि थापी घेऊन खाली गेला.

त्या रात्री काय झालं ते सांगत नाही, सगळे झोपले. सकाळी काका-काकू दवाखान्यात गेले आणि सामान घ्यायला परत आले. काकूंच्या डोळ्यावर काळा चष्मा होता, पट्टी नव्हती. काका त्यांचा दंड धरून होते, आणि त्या तो सोडवून घेत होत्या.

"कुठाय ते दार?"

"हे काय, समोरच."

काकू माझ्यापाशी आल्या. चष्मा वर केला आणि एका डोळ्यानं मला न्याहाळलं. मी जरा ताठ झालो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला न ढकलता बघत होतं.

"एवढंसंच होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, केवढं तरी मोठं असेल."

घ्या. झाली माझी शोभा. पण त्या गेल्या नाहीत. डोळा जवळ जवळ आणत वरून खाली येत गेल्या. मग कोपऱ्याशी वाकल्या आणि पॉलिशवर बोट ठेवलं.

"अहो, इथे गाढव आहे."

"कुठे?"

"हे बघा, कान. हे पाय. शेपूट पण आहे."

काकांनी वाकून बघितलं, नाक टेकेपर्यंत बघितलं. "मला नाही दिसत काही."

"मग आता तुम्ही दाखवा डोळे," काकू म्हणाल्या, आणि हसल्या. आता हसायला परवानगी होती. काका मात्र हसले नाहीत. तिला गाढव दिसलं, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले आणि पिशवीत सुई-दोरा शोधायच्या निमित्तानं पाठ करून उभे राहिले.

मी अजून इथेच आहे. विटा अंगणात आहेत, त्यांच्यावर मांजर झोपतं. मालकीणबाई म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. माझ्या बिजागऱ्यांना मात्र त्यांनी तेल घातलंय, आणि माझ्या फटीतला कापूस कुणी काढून टाकला ते विचारू नका, मी सांगणार नाही.

तुम्ही कधी उतरलात या खोलीत आणि शेजारी दंगा चालला असला, तर ठोका खुशाल. पण हात उचलण्याआधी जरा ऐकून घ्या, पेटीत काय आहे ते कळू द्या. आणि अगदीच राहवलं नाही, तर कडी काढा. पलीकडेही एक आहे, ती काढायला कुणीतरी असतंच.

जाता जाता वाकून ते गाढवही बघून घ्या. दिसलं की काही पाहुणे उगाच दचकतात, आरशात बघितल्यासारखे. तुम्ही तसं करू नका. ते गुरुजींचं आहे.